तिसरं कोटेशन

इमारतीतले लोक त्यांना कोटेशनकाका म्हणायचे, आणि तेही तोंडावर. काकांना त्यात काही वावगं वाटत नसे. कारखान्याच्या खरेदी खात्यात त्यांची उभी हयात गेली होती. तीन ठिकाणचे भाव हातात आल्याशिवाय त्यांनी घरात कधी पायपुसणंसुद्धा आणलं नाही. एकदा दाढ दुखत होती, तर सुजलेला गाल धरून ते तीन दवाखाने हिंडले आणि तिसऱ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढताना दाढ आपली आपण पडली, असं लोक सांगत. काकांचं म्हणणं, पडली नव्हती, नुसती हलत होती. लोक काय, तिखटमीठ लावतातच.

त्यामुळे इमारतीच्या पाण्याच्या यंत्राला नवा कंट्रोलर घ्यायचं निघालं, तेव्हा कमिटीने काकांकडे बोट दाखवलं हे ओघानेच आलं.

यंत्र म्हणजे तळमजल्यावर मागच्या खोलीत उभ्या असलेल्या दोन उंच टाक्या. एकीत वाळू, तिच्यातून पाणी गाळून निघायचं. दुसरीत बारीक मणी, ते पाण्याचा जडपणा काढून घ्यायचे. आणि भिंतीवर एक डबा, तो कंट्रोलर. कुठली झडप कधी उघडायची, वाळू उलट्या पाण्याने कधी धुवायची, मण्यांना मिठाचं पाणी कधी पाजायचं, हे सगळं तो डबा बिनबोभाट सांभाळत असे. मग एके दिवशी त्यात पाल शिरली. फट्ट असा आवाज झाला आणि पाल आणि डबा दोघंही एकदमच गेले. तेव्हापासून झडपा फिरवायचं काम वॉचमनकडे आलं आणि वॉचमन ते आठवण झाली की करी. बादल्यांवर पांढरे थर चढले. साबणाला फेस येईना. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचे केस गळायला लागले. त्यांच्या यजमानांना लग्नाच्या फोटोतसुद्धा टक्कल आहे, पण त्यांनीही ते पाण्याच्याच नावावर टाकलं.

"काका, तुम्ही खरेदीतले," सेक्रेटरी म्हणाले. "तीन कोटेशनं मागवा, बघा, आणि सांगा कुठला घ्यायचा ते. तुम्हाला काय, वेळच वेळ आहे."

शेवटचं वाक्य काकांना लागलं. पण ते खरंच होतं. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी दूर, तिच्या संसारात. रविवारी तिचा फोन येई. "बाबा, जेवलात?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." मग दोघंही थोडा वेळ हवापाण्याबद्दल बोलत, आणि दोन्हीकडची हवा बोलून संपली की फोनही संपे. बाकी घराची बेल वाजलीच, तर ती कुणाच्या तरी भलत्याच पार्सलासाठी.

त्यामुळे पहिल्या कंपनीचा माणूस आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "सर, आपल्यालाच भेटायचं होतं," तेव्हा काकांनी आधी मागे वळून पाहिलं.

हा माणूस भर दुपारी टाय लावून हिंडायचा, म्हणून काकांनी मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवलं. त्याचा कंट्रोलर दिसायला देखणा होता. रंगीत पडदा, बोट लावलं की पानं उलटायची, टाक्यांची चित्रं निघायची आणि त्यात निळं पाणी हलायचं. शिवाय तो फोनवर निरोप पाठवायचा. टायवाल्याने डबा जेवणाच्या टेबलावर मांडला, वायर जोडली आणि सांगायला सुरुवात केली. काकांनी चहा ठेवला. तेवढ्यात वीज गेली. पाच मिनिटांनी आली, तेव्हा डबा पुन्हा पहिल्यापासून 'नमस्कार' म्हणाला आणि आपण मघाशी कुठवर आलो होतो ते साफ विसरला.

"हे एवढं सेटिंग राहिलंय, सर," टायवाला टाय सैल करत म्हणाला.

दुसऱ्या कंपनीकडून आल्या इंजिनिअरबाई. पन्नाशीच्या, खांद्याला भलीमोठी बॅग, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचा डबा करडा, विटेएवढा, चार बटणं आणि दोन ओळींची खिडकी. दिसायला अगदीच सुमार. बाईंनी चालू डब्याची वायर स्वतःच ओढून काढली, चहाचे दोन घोट घेतले आणि परत लावली. डबा जिथे थांबला होता तिथून निमूटपणे पुढे चालू लागला.

"एवढंच करतो," बाई म्हणाल्या. "बाकी चित्रंबित्रं नाहीत."

म्हणजे निकाल लागला होता. त्या भागात वीज रोज जात असे, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. काका पाचव्या दिवशी कमिटीकडे गेले असते, करडा डबा घ्या म्हणाले असते, आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण कपबश्या विसळताना काकांच्या लक्षात आलं की त्या आठवड्यात या दोघांच्या फेऱ्यांमुळे घरात चार वेळा दोन कप लागले होते. त्यांनी ते पुसून फडताळात न ठेवता ओट्यावरच पालथे घातले.

"तिसरं कोटेशन येऊ द्या," त्यांनी सेक्रेटरींना सांगितलं. "दोनावर निर्णय घेणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

तिसरी कंपनी होती, नाही असं नाही. फोन केला की पलीकडून एक गोड आवाज म्हणे, "आमचा माणूस येईल हं." तो येत नसे. काका सुरुवातीला मनापासून फोन करत. पुढे पुढे नेम चुकायला नको म्हणून करत. आणि खरं सांगायचं तर महिन्याभराने त्यांना भीती वाटायला लागली की हा माणूस एखाद्या दिवशी खरंच येऊन उभा राहील.

तोवर पहिल्या दोघांना घरी बोलवायला निमित्त हवं. तीस वर्षं खरेदीत काढलेल्या माणसाला त्याची काय वाण? "त्या बाई म्हणतात, तुमच्या पडद्याला ओलावा सोसत नाही. खरं आहे का? फोनवर नको, समक्ष या." टायवाला समक्ष येई. मग बाईंना फोन, "तो म्हणतो तुमच्या डब्याला निरोप पाठवता येत नाही, म्हणून मागासलेला आहे." बाई तावातावाने येत. प्रत्येक उत्तरातून काका नवा प्रश्न काढत. वायरीची जाडी झाली, हमीची मुदत झाली, डब्याच्या झाकणाचे स्क्रूसुद्धा झाले. घरात बिस्किटं कधी नसायची, ती आली, आणि कुठली आणावीत हे ठरेना म्हणून तीन प्रकारची आली.

रविवारचा फोन आता लांबायला लागला. मुलगी विचारी, "मग टायवाला काय म्हणाला?" काका सांगत. तीही तिकडून सल्ला देई. एकदा ती हसली, तेव्हा काकांना वाटलं, ही अशी हसते हे आपण विसरूनच गेलो होतो.

इमारतीतही काकांना अचानक भाव आला होता. लिफ्टमध्ये, जिन्यात, कचऱ्याच्या डब्यापाशी, जो तो सल्ला देई. तळमजल्यावरच्या आजोबांचं मत होतं की पाणी उकळून प्यावं आणि कंट्रोलरबिंट्रोलर काही घेऊ नये. तिसऱ्या मजल्यावरच्या यजमानांनी रंगीत पडदाच घ्या म्हणून गळ घातली. पाहुणे आले तर खाली नेऊन दाखवता येईल, असं त्यांना वाटत होतं. वहिनी एवढंच म्हणाल्या, "काका, काहीही घ्या, पण डोक्यावर चार केस आहेत तोवर घ्या." काका गंभीरपणे मान हलवत आणि म्हणत, "तिसरं कोटेशन आलं की लगेच." वहिनींचा विरळ होत चाललेला भांग दिसला की त्यांना अपराधी वाटे. मग बेल वाजे आणि ते विसरत.

एकदा मात्र घोटाळा झाला. काकांनी वार चुकवला आणि टायवाला आणि इंजिनिअरबाई एकाच वेळी दारात भेटले. काकांना वाटलं, आता भांडण होणार, एखादी कपबशी फुटणार. झालं उलटंच. ते दोघं पूर्वी एकाच कंपनीत होते! बाईंनी त्याला काम शिकवलं होतं म्हणे. मग काय विचारता, कोण कुठे गेलं, कुणाची बदली झाली, कुठल्या साहेबाला डच्चू मिळाला, दोघं टाळ्या देऊन हसायला लागले. काका चहा देत होते, बिस्किटं पुढे करत होते, मधेच "असं का?" म्हणत होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. स्वतःच्या दिवाणखान्यात त्यांना उपरं वाटू लागलं. शेवटी न राहवून त्यांनी घसा खाकरला आणि करड्या आवाजात विचारलं, "झडपेचं रबर कोण बदलून देणार?" दोघंही एकदम ताठ बसले. काकांना बरं वाटलं, आणि मग तसं बरं वाटल्याची लाजही वाटली.

प्रश्न संपत आले तेव्हा काकांनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. टायवाल्याला म्हणाले, "प्रत्यक्ष चालवून दाखव. आठ दिवस माझ्याकडे राहू दे." बिचाऱ्याने दोन टब, एक छोटा पंप, झडपा, नळ्या असं सगळं गाठोडं आणून काकांच्या बाथरूममध्ये मांडलं. पहिल्या टबात नळाने पाणी भरायचं, पंपाने दुसऱ्यात जायचं, मग धुणं, मग पुन्हा भरणं. काका दाराशी स्टूल टाकून बसत. खिशातला फोन थरथरे. 'पाण्याची पातळी योग्य.' थोड्या वेळाने, 'सर्व ठीक.' दिवसातून इतक्या वेळा त्यांना कुणीच काही कळवत नसे. एकदा त्यांनी "बरं बरं" असं मोठ्याने उत्तरही दिलं.

आता खरेदीतला माणूस नुसतं बघत थोडाच बसणार? धुण्यात पाणी किती वाया जातं हे मोजायला हवं. मोजायचं तर ते वाहून जाता कामा नये. म्हणून काकांनी बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं भोक जुन्या बनियनचा बोळा करून घट्ट बंद केलं आणि ते बिस्किटं आणायला बाहेर पडले.

पाठोपाठ वीज गेली आणि आली. डबा उठला, 'नमस्कार' म्हणाला आणि टब आधीच भरलेला आहे हे विसरून त्याने नळाची झडप पहिल्यापासून उघडली. काका दुकानात खारी बिस्किटं घ्यावीत की गोड या विचारात असताना फोन थरथरला. 'सर्व ठीक.' काका निवांत झाले आणि गप्पा मारत उभे राहिले.

परत आले तेव्हा पाणी दिवाणखाना ओलांडून उंबऱ्यापर्यंत आलं होतं. खालच्या मजल्यावर खजिनदार राहत. त्यांनी छताला नुकताच पांढराशुभ्र रंग दिला होता. आता त्यावर चांगला सतरंजीएवढा पिवळा डाग होता आणि त्याच्या मधोमध पाण्याचे थेंब धरत होते. खजिनदार खुर्चीवर उभे राहून वर बघत होते. काका त्यांच्या दारात दिसताच ते खुर्चीवरून ज्या तऱ्हेने खाली उतरले, त्यावरून पुढचं काय ते काकांना कळलं.

दुसऱ्याच दिवशी कमिटीची तातडीची सभा लागली. सभेचा विषय कंट्रोलर. खजिनदार उभे राहिले.

"चार महिने झाले. दोन कंपन्यांची माणसं आठवड्याला दोन-दोनदा यांच्या घरी येतात, तास-तास बसतात. आम्ही इकडे खाऱ्या पाण्याने अंघोळी करतोय. मला एकच विचारायचंय काका, तुम्हाला त्यांच्याकडून मिळतं काय?"

काकांचा चेहरा लाल झाला. ज्या माणसाने नोकरीभर कुठल्या व्यापाऱ्याचं कॅलेंडरसुद्धा घरी आणलं नाही, त्याला हे ऐकावं लागत होतं. ते ताडकन उठले.

"तिसरं कोटेशन..."

"ते येणार नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे."

क्षणभर काकांना वाटलं, सरळ सांगून टाकावं की हो, खाल्लं मी काहीतरी. लोक चार दिवस शिव्या देतील आणि विसरतील. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी समोरच बसल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधून.

"माहीत आहे," काका म्हणाले. "आणि कुठला घ्यायचा तेही मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे. करडा घ्या. वीज गेली तरी तो विसरत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर ती माणसं यायची थांबली असती."

"यायची म्हणजे?"

"घरी," काका म्हणाले. आवाज बसत चालला होता, म्हणून त्यांनी तो जरा चढवला. "माझ्याकडे कुणी येत नाही हो. ती येत होती. बसत होती. मी काही विचारलं की उत्तर देत होती. तेवढंच मिळत होतं मला. तुमच्या छताचं मी करून देतो. वहिनी, तुमची मात्र मी माफी मागतो."

खजिनदार खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले. शेवटी सेक्रेटरींनी खोकून विचारलं, "म्हणजे... करडा, असं लिहून घेऊ ना?"

करडा डबा बसला. इंजिनिअरबाईंनी दोन दिवसांत सगळं जोडलं, घाईघाईत वॉचमनच्याच हातचा चहा घेतला आणि जाताना म्हणाल्या, "येते हं काका एकदा निवांत." त्यांना ते मनापासून वाटत होतं, यात शंका नाही. टायवाला आपले टब घेऊन गेला. "राग नाही, सर," म्हणाला आणि काकांचा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. साबणाला फेस यायला लागला. काकांच्या ओट्यावरचा एक कप फडताळात गेला.

पण इमारत म्हटली की ती गप्प थोडीच बसणार! सेक्रेटरींचं मन हळवं आणि पद्धत कमिटीची. तिसऱ्याच दिवशी लिफ्टशेजारी सूचना लागली, 'काकांकडे भेट', आणि खाली घरांचे क्रमांक आणि वार. वाचताना काकांच्या कानशिलांना आग लागली. वॉचमनच्या ड्यूट्या लावाव्यात तशा लोकांनी आपल्याकडे यायच्या पाळ्या लावल्या होत्या. ती सूचना टरकावून टाकावी असं त्यांच्या फार मनात आलं. त्यांनी ती टरकावली नाही. उलट कुणाची पाळी कधी, हे पुन्हा एकदा वाचून घेतलं.

लोक आले. समाचाराला यावं तसे आले, सोफ्याच्या कडेवर बसले, "बाकी काय काका?" म्हणाले आणि घड्याळाकडे बघत उठले. तळमजल्यावरच्या आजोबांना झोप लागली. खजिनदार आले ते फरशीकडे बघत बसले. आपलं छत भिजवणारी ती फरशी वरून कशी दिसते याचं त्यांना कुतूहल असावं. काका एकही प्रश्न विचारत नव्हते. ही माणसं काही विकायला आली नव्हती, मग त्यांना विचारायचं तरी काय? टायवाला टाय सैल करून वायरीवर तासभर बोलायचा, ते किती बरं होतं, असं त्यांना वाटलं.

आणि गुरुवारच्या पाळीपुढे क्रमांक होता काकांच्याच घराचा. सेक्रेटरींनी सगळी घरं ओळीने लिहून काढली होती, त्यात तोही येऊन गेला होता. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी काकांनी काकांकडे भेटीला जायचं होतं. इतर कुणी येणार नव्हतं, कारण आज आपली पाळी नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. सेक्रेटरींना सांगून चूक दुरुस्त करून घेता आली असती. पण "माझ्याकडे आज कुणी नाही" हे परत एकदा तोंडाने म्हणायचं काकांच्या जिवावर आलं.

गुरुवार आला. काकांनी सवयीने दोन कपांचं आधण ठेवलं आणि मग दुसऱ्या कपाकडे बघत उभे राहिले.

बेल वाजली.

दारात एक थकलेला, घामाघूम झालेला माणूस उभा होता. हातात फाईल, बुटांवर धूळ. "सर, कंट्रोलरची चौकशी होती ना आपली? मधे जरा... उशीर झाला का?"

तिसरं कोटेशन दारात उभं होतं.

काकांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. या ना, अजून ठरायचंच आहे. तोंडातून निघायचाच अवकाश होता. हा माणूस पुढचे चार महिने आला असता.

"उशीर झाला," काका म्हणाले. "डबा बसलासुद्धा, खाली चालू आहे. आता घ्यायचं काही नाही, आणि तुमची फाईलही मी उघडणार नाही, उगीच आशेवर ठेवणार नाही." त्यांनी दार पूर्ण उघडलं. "पण चहा दोन कप ठेवलाय. मी एकटाच आहे. बसायचं असेल तर बसा."

त्या माणसाने लिफ्टकडे पाहिलं. मग फाईलकडे पाहिलं. सकाळपासून तो किती दारांवरून परत फिरला होता कोण जाणे. त्याने फाईल भिंतीला टेकवली आणि खाली वाकून बुटांची नाडी सोडायला लागला.

"साखर एकच चमचा, सर."

"बिस्किटं तीन प्रकारची आहेत," काका स्वयंपाकघरातून म्हणाले. "कुठली देऊ?"

"कुठलीही. तुम्हाला आवडतात ती." कप हातात आल्यावर त्याने एक घोट घेतला, पाय सैल सोडले आणि सहज विचारलं, "शेवटी कुठला घेतलात, सर? आणि तोच का?"

काकांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. त्याला आता या उत्तराचा काही उपयोग नव्हता, तरी तो विचारत होता. काकांनी खुर्ची जरा पुढे ओढली, कप टेबलावर ठेवला, आणि पालीपासून सांगायला सुरुवात केली.